अमेरिकेतले कृष्णवर्णीय शेतकरी: भरपाई हवी की जमीन?

कोरडवाहू:
१९२० च्या गणनेत अमेरिकेत सव्वानऊ लाख कृष्णवर्णीय शेतकरी होते. २०१७ मध्ये पन्नास हजारही भरले नाहीत. कृषी खात्याने कर्ज देताना भेदभाव केला म्हणून हे शेतकरी कोर्टात गेले आणि १९९९ च्या पिगफर्ड तडजोडीत बहुतेक यशस्वी दावेदारांना प्रत्येकी ५०,००० डॉलर मिळाले. पण तेवढ्या पैशात गेलेली जमीन परत येत नाही. माझं म्हणणं, आधी गळती थांबवा. मृत्युपत्राशिवाय माणूस गेला की शेत सगळ्या वारसांचं सामाईक होतं. बाहेरचा कुणी एखाद्या दूरच्या चुलतभावाचा हिस्सा घेतो, कोर्टात वाटणी मागतो, कोर्ट अख्ख्या शेताचा लिलाव काढतं आणि बोली लावायला हाच उभा! २०१० च्या नमुना कायद्यात आधी मूल्यांकन आणि तो हिस्सा विकत घ्यायची पहिली संधी घरच्यांना आहे. पण तो राज्याराज्याने स्वीकारावा लागतो.

हिशोबी:
कायद्याला पाठिंबा, मांडणीला नाही. १९२० च्या त्या शेतकऱ्यांत जमीनमालक जेमतेम चौथाई होते. बाकीचे कुळं आणि वाटेकरी. कापूस वेचायला यंत्रं आली आणि त्यांचं काम गेलं. छोटा गोरा शेतकरीही त्याच काळात शेतीतून उठला. २०२१ ची ४ अब्ज डॉलरची कर्जमाफी वंश बघून होती, म्हणून कोर्टाने अडवली आणि पुढच्या वर्षी ती रद्द झाली. योग्यच झालं. बुडालेल्या गोऱ्या शेतकऱ्याला काय तोंड दाखवणार?

कोरडवाहू:
वाटेकरी होते, पण मालक का नव्हते? जानेवारी १८६५ मध्ये, यादवी युद्धात, उत्तरेच्या फौजेतल्या जनरल शर्मनच्या हुकमाने मुक्त गुलामांना ४० एकरांपर्यंत जमीन मिळू लागली. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने ती जुन्या मालकांना परत दिली. यंत्रं फार नंतरची.

गायरानवाली:
आमच्या मराठवाड्यात १९९० पूर्वीपासून कसलेली गायरानं काहींच्या नावावर झाली, पण विहीर नाही, बैल नाही, बँक दारात उभं करत नाही. म्हणून मला तिकडच्या कृष्णवर्णीय नागरी हक्क कार्यकर्त्या फॅनी लू हेमर पटतात. मतदार नोंदणीला गेल्या म्हणून १९६२ मध्ये त्यांना मळ्यावरून हाकललं. १९६९ मध्ये त्यांनी मिसिसिपीत सहकारी शेत काढलं. गरीब घरांना डुकरीण पाळायला देत, पिल्लं झाली की त्यातली पुढच्या घरी. चूल मालकाच्या मर्जीवर नसली की माणूस बिनधास्त मत देतो.

हिशोबी:
हेतू थोर, पण ते शेत सात-आठ वर्षांत बंद पडलं. देणग्या आटल्या, कर थकले. असल्या प्रयोगांवर धोरण कसं बेतणार?

बांधावरून:
जॉर्जियातली कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची न्यू कम्युनिटीज ही संस्था बघा. १९६९ पासून जवळपास ६,००० एकर सामुदायिक जमीन. दुष्काळात तातडीचं कर्ज वेळेवर मिळालं नाही, १९८५ मध्ये सगळी गेली. २००९ मध्ये पिगफर्डमधूनच १.२ कोटी डॉलर मिळाले आणि त्यांनी जॉर्जियातल्याच ऑल्बनीजवळ एक जुना मळा घेतला. म्हणजे भरपाईतून जमीन येते, कोरडवाहू.

कोरडवाहू:
आली, पण चोवीस वर्षांनी निकाल, आणि सहा हजारांच्या जागी सोळाशे एकर. पेरणीचं कर्ज पेरणीआधी मिळालं असतं तर हा खटलाच नसता.

हिशोबी:
मग २०२२ ची तरतूद घ्या: कर्ज देताना भेदभाव झालेल्या कुणालाही मदत, रंग न विचारता. २०२४ मध्ये पैसे वाटलेही. मला हा मार्ग मान्य आहे.

गायरानवाली:
मला अर्धाच. ज्याला दारातूनच परत पाठवलं, त्याच्याकडे अर्जाची पोच कुठून येणार?