फेलिसिटीचं काय चुकलं?

"फेलिसिटीने एवढ्याशा खोट्यासाठी बिचाऱ्या ऑलिव्हरला सोडलं" असं 'ॲरो' या अमेरिकन सुपरहिरो मालिकेबद्दल म्हटलं जातं, ते मला अजिबात पटत नाही. 'ॲरो'च्या चौथ्या सीझनमध्ये (२०१६) नायक ऑलिव्हरने तिच्यापासून स्वतःचा मुलगा लपवला. मुलाच्या आईने तसा शब्द घेतला होता, मान्य. पण मुलाला दूर पाठवायचं हेही त्याने होणाऱ्या बायकोला न विचारता ठरवलं! पायांत नुकती जाणीव परतलेली फेलिसिटी व्हीलचेअरवरून उठते आणि चालत निघून जाते, तो प्रसंग आठवला की अजून अंगावर काटा येतो.

नायक खोटं बोलला की त्याच्यावरचं ओझं बघायचं, नायिका दुखावली की तिचा अहंकार? 'द फ्लॅश' या दुसऱ्या सुपरहिरो मालिकेतही नायक बॅरी नायिका आयरिसपासून आपण फ्लॅश असल्याचं लपवतो, तिचे वडील त्यात सामील, आणि तरी आपण चिडकी म्हणतो ते आयरिसलाच.