युपिक मुखवटे: लाकूड, रंग आणि पिसे यांविषयी विचारणा

प्रश्न
नमस्कार. मी रत्नागिरीत कोरीवकाम करतो आणि बहुतेक काम शिवण व सागावर असते. नैर्ऋत्य अलास्कातील युपिक लोकांचे मुखवटे छायाचित्रांत पाहिल्यापासून काही प्रश्न पडले आहेत. जेथे झाडे जवळजवळ उगवत नाहीत अशा टुंड्रात हे लाकूड कोठून येते? ते तडकत कसे नाही, आणि त्यांवरचा निळसर रंग कशाचा असतो? असा मुखवटा मी करून पाहणे उचित ठरेल का, हेही जाणकारांनी सांगावे.

पहिले उत्तर
लाकूड नद्या आणून देतात. वसंत ऋतूत युकॉन आणि कुस्कोक्विम या नद्यांवरचे बर्फ फुटते, तेव्हा वरच्या अंगाच्या जंगलांतून उन्मळलेले वृक्ष पुराबरोबर वाहत येऊन किनाऱ्याला लागतात, आणि त्यांतले स्प्रूस किंवा कॉटनवुडचे ओंडके निवडले जातात. वाकसाने ढोबळ आकार काढून पुढचे काम वाकड्या पात्याच्या सुरीने होते. मुखवट्याची मागची बाजू पोखरून पातळ केलेली असते. त्यामुळे नर्तकाला भार होत नाही आणि लाकूडही सारखे वाळते. आपण सराव करणार असाल तर ओंडक्याचा गाभा टाळावा, कारण चीर बहुधा तेथूनच सुरू होते. आपल्याकडचा पांगारा हलका आणि मऊ असल्याने सरावाला सागापेक्षा बरा पडेल.

रंगांत गेरू, पांढरी माती आणि कोळसा आहेतच, परंतु मला सर्वांत विलक्षण वाटते ते व्हिव्हियनाइट. लोह आणि फॉस्फेट यांचे हे खनिज ओल्या चिकणमातीत सापडते. ताजे असताना ते जवळजवळ रंगहीन असते आणि हवा लागली की निळे होत जाते.

दुसरे उत्तर
मुखवट्याभोवतीची कडी विसरू नयेत. पातळ लाकूड वाकवून केलेली ही कडी विश्वाचे स्तर दर्शवतात. त्यांत खोवलेली पिसे नाचताना हलतात, म्हणून भिंतीवर टांगलेला मुखवटा पाहून त्याची खरी कल्पना येत नाही. अमेरिकेत स्थलांतरित पक्ष्यांना 1918च्या कायद्याचे संरक्षण असल्याने आजचे अनेक कारागीर पाळीव पक्ष्यांची पिसे वापरतात.

तिसरे उत्तर
उचित-अनुचिताविषयी माझे मत स्पष्ट आहे: तंत्र अवश्य शिकावे, पण विशिष्ट मुखवट्याची नक्कल करू नये. अंगाल्कुक, म्हणजे तेथील शामान (आत्म्यांशी संपर्क साधणारा मांत्रिक), याला झालेले दर्शन त्याच्या सांगण्यावरून कोरले जाई. पुढच्या वर्षी प्राणी पुन्हा यावेत म्हणून हिवाळ्यात कास्गिक या सामुदायिक घरात ते मुखवटे नाचवले जात, आणि नंतर पुष्कळदा टाकून दिले जात किंवा जाळले जात. 1885 मध्ये तेथील बेथेल या गावी मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाचे मिशन आले. मिशनऱ्यांच्या विरोधामुळे अनेक गावांत हे नृत्य थांबले, तर कित्येक मुखवटे वॉशिंग्टन आणि बर्लिन येथील संग्रहालयांत जाऊन पडले. 1996 मध्ये टोक्सूक बे या गावात त्यांचे प्रदर्शन भरले, तेव्हा ते आपल्या माणसांसमोर परतले. इतके सोसून टिकलेल्या परंपरेतले दर्शन आपण उचलू नये, असे मला मनापासून वाटते. कोरण्याची रीत घेऊन विषय आपला निवडावा. अस्सल मुखवटा विकत घ्यायचा असल्यास अलास्का राज्याचे ‘सिल्व्हर हँड’ चिन्ह पाहावे. ते तेथील मूलनिवासी कलावंतांच्याच कामाला मिळते.