मदत हवी आहे: मॅक्रो वापरला की भागाकार चुकतो, फंक्शन वापरले की बरोबर येतो

ऐरोलीकर:
नमस्कार. सी भाषेतल्या एका कोडमध्ये काल संध्याकाळपासून अडकलो आहे. वर्ग काढण्यासाठी मॅक्रो (#डिफाइनने मजकुराला दिलेले छोटे नाव) लिहिला असून ३६०० ला ६ च्या वर्गाने भागल्यावर १०० यायला हवेत, तिथे ३६०० च येतात. तोच वर्ग फंक्शनने काढला की उत्तर बरोबर येते. कंपायलर एकही वॉर्निंग देत नाही. उद्या सकाळी बोर्ड महाप्याला ग्राहकाकडे द्यायचा आहे, तरी कृपया लवकर सांगावे.

कोपरीकर:
मॅक्रोची ओळ कुठे आहे? कंपायलर कोणता?

तलावपाळी:
तुम्ही कंस दिले नसणार. मॅक्रो म्हणजे फंक्शन नव्हे. कंपायलरच्या आधी चालणारा प्रीप्रोसेसर हिशेब करत नाही, फक्त मजकुराच्या जागी मजकूर ठेवतो. ‘क्ष * क्ष’ असे लिहून ३ + २ दिले, तर ३ + २ * ३ + २ तयार होते आणि २५ ऐवजी ११ मिळतात.

ऐरोलीकर:
कंस दिले आहेत, एवढे मला कळते.
#डिफाइन वर्ग(क्ष) (क्ष) * (क्ष)
कंपायलर जीसीसी आहे.

घोडबंदर_रोड:
मॅक्रो ज्या हेडर फाइलमध्ये आहे ती दोनदा जोडली जात असेल, तिला गार्ड (दुसऱ्यांदा जोडणे टाळणारी अट) घाला. आमचा यात एक आठवडा गेला होता.

कोपरीकर:
तोच मॅक्रो जसाच्या तसा पुन्हा आला तरी काही बिघडत नाही, त्यामुळे गार्डचा इथे संबंध नाही. ऐरोलीकर, तुम्ही प्रत्येक ‘क्ष’भोवती कंस दिला, पण सबंध गुणाकाराभोवती दिला नाही. विस्तारानंतर ३६०० / (६) * (६) उरते. भागाकार आणि गुणाकार यांचा अग्रक्रम सारखाच असल्याने हिशेब डावीकडून सुरू होतो, आधी ६०० येतात आणि मग पुन्हा ३६००. ((क्ष) * (क्ष)) असे लिहावे. खात्री करायची असल्यास जीसीसीला वजा चिन्ह आणि कॅपिटल ‘ई’ हा पर्याय द्यावा, म्हणजे विस्तारित मजकूरच समोर येतो.

तलावपाळी:
म्हणजे कंसच, मी तेच म्हणत होतो! मात्र कंसांनी सगळे भागत नाही. वर्ग(न++) लिहिले की एकाच पदावलीत ‘न’ दोनदा वाढतो आणि त्याचा परिणाम काय व्हावा हे सी भाषेचे स्टँडर्डही ठरवून देत नाही. सी९९ (सीचे १९९९ चे स्टँडर्ड) पासून इनलाइन फंक्शन, म्हणजे कंपायलर वापराच्या जागीच बसवू शकतो असे फंक्शन आहे, मॅक्रो टाकून द्या.

विटावा_नाका:
ग्लोबल ॲरेचा आकार इनलाइन फंक्शनने ठरवून दाखवा, मग टाकून देऊ. तिथे स्थिर पदावलीच, म्हणजे कंपाइल करतानाच किंमत ठरणारी पदावली लागते.

ऐरोलीकर:
विस्तारित मजकूर पाहिला. हेडरच्या शेकडो ओळींखाली, अगदी तळाशी, कोपरीकरांनी लिहिलेली ओळ तशीच सापडली. बाहेरचा कंस घातल्यावर १०० आले. खाली स्क्रोल करताना आणखी एक ओळ दिसली: मी एके ठिकाणी वर्ग(सेन्सर_वाच()) लिहिले होते, म्हणजे सेन्सर दोनदा वाचून दोन निरनिराळ्या वाचनांचा गुणाकार होत होता. तिथे इनलाइन फंक्शन घातले आहे. ॲरेच्या आकारासाठी मॅक्रो ठेवला आहे.