संकेतस्थळाचं भाषांतर एआयकडून करून घेताना: तुमचे अनुभव

निशिगंध
जुनी हार्ड डिस्क आवरताना एक एक्सेल फाईल सापडली. रुग्णांना माहिती देणाऱ्या एका संकेतस्थळाचं सगळं लिखाण. डाव्या रकान्यात मूळ मजकूर, उजवीकडे आम्ही काही जणींनी रात्री जागून केलेलं भाषांतर. खालच्या कितीतरी ओळी रिकाम्याच, कारण माणसं थकली. नेमकी लक्षणांची पानं राहिली होती, फार वाईट वाटलं बघून. आता तिथेच पहिला खर्डा एआय करतं आणि ती पानं चार भाषांत आहेत. पण एक नियम सोडत नाही: औषधाचं प्रमाण, 'तातडीने डॉक्टरकडे जा' अशा सूचना आणि 'नाही', 'नको' असलेलं प्रत्येक वाक्य, हे ती भाषा जाणणाऱ्याने वाचल्याशिवाय वर चढवायचं नाही. नकार गळला तरी वाक्य अगदी सुबक दिसतं, म्हणून चटकन लक्षात येत नाही. तुमच्याकडे कसं करता? साधनाचं नाव नसलं तरी चालेल, काम कसं केलंत ते सांगा.

कोडकर
मीटिंगच्या आधी पटकन लिहितो. वाक्यं बरी येतात हो, घोळ होतो तो महिरपी कंसांचा. 'नमस्कार' च्या पुढे कंसात ग्राहकाच्या नावाची जागा असते, ती प्रोग्रॅमसाठी. एआय कधी तिचंही भाषांतर करतं, मग नाव येतच नाही. आम्ही भाषांतराआधी आणि नंतर कंस स्क्रिप्टने मोजतो, जुळले नाहीत तर फाईल परत. एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाच्या कोडमध्ये, 'ट्रान्सलेट' ॲट्रिब्यूट (एक खूण) आहे, त्याला 'नो' दिलं की ब्राउझरचं भाषांतर तेवढा भाग सोडून देतं.
आणि अनेकवचनं! युनिकोडच्या सीएलडीआरमध्ये, म्हणजे भाषांचे नियम साठवलेल्या संग्रहात, संख्येनुसार बदलणारी इंग्रजीला दोन रूपं, अरबीला सहा, जपानीला एकच. अरबीसाठी दोन रूपांची फाईल दिली तर दोनच परत येणार. बाकीची चार मागून घ्यावी लागतात. आलो, बोलावतायत

अबोली२
+१ निशिगंध. त्या रिकाम्या ओळींचं वाचून गलबललं.

वाटसरू
उर्दूचं काम केलंय. भाषांतर छान आलं, पान मात्र डावीकडून उजवीकडेच. मजकुराची दिशा एआय फिरवून देत नाही, ती पानाच्या कोडमध्ये सांगावी लागते. बाण, मेनू, फॉर्मचे रकाने सगळं उलटं करायचं. फोन नंबर आणि आकडे मात्र डावीकडूनच वाचायचे, तिथे खरी कसोटी. जर्मनमध्ये वेगळंच, बटणावर शब्द मावेना. कोडकर, तुम्ही बटणांची रुंदी आधीच सैल ठेवता का?

कोडकर
हो. आणि 'हे बटण आहे, दोन शब्दांत हवं' असं एआयला सांगतो. संदर्भ दिला की बराच फरक पडतो. नुसता सुटा शब्द दिला तर क्रियापद की नाम, त्याला कसं कळणार?

जुना भाषांतरकार
मी या व्यवसायात आयुष्य काढलं, म्हणून जरा लांबण लावतो. १९५४ मध्ये जॉर्जटाउन विद्यापीठ आणि आयबीएमने रशियन वाक्यं यंत्राकडून इंग्रजीत आणून दाखवली, तेव्हाच काही वर्षांत प्रश्न सुटेल असं म्हटलं गेलं. १९६६ च्या आल्पॅक अहवालात (यंत्र-भाषांतराचा आढावा घेणाऱ्या अमेरिकी समितीचा) निराशाच होती, त्यानंतर अमेरिकेत या संशोधनाचा पैसा आटला. गूगलचं भाषांतर २००६ मध्ये आलं, २०१६ मध्ये ते न्यूरल पद्धतीवर (मेंदूच्या धर्तीच्या जाळ्यांनी शिकणाऱ्या) जाऊ लागलं, आणि त्यानंतरचा फरक मी रोजच्या कामात अनुभवला. आता माझ्याकडे येतं ते बहुतेक 'पोस्ट-एडिटिंग', म्हणजे यंत्राचा खर्डा नीट करणं. दर कमी, जबाबदारी तीच. सुबक वाक्यातला चुकीचा अर्थ शोधायला जास्त लक्ष लागतं, हे काम देणाऱ्यांनी समजून घ्यायला हवं. तपासणाऱ्याला पुरेसा वेळ आणि मोबदला द्या, एवढीच कळकळीची विनंती.

अबोली२
काका, दंडवत _/\_ माझी बहीण हेच करते, तिला वाचायला देते. तिच्या डोळ्यांचा त्रास वाढलाय, स्क्रीनसाठी चष्मा कुणी सुचवेल का?

वाटसरू
अबोली, आधी डोळे तपासून घ्या म्हणावं. आणि अक्षरं मोठी करून काम केलं तर बराच आराम पडतो.

शोधयात्री
शोधात पानं सापडावीत म्हणून लिहिते. प्रत्येक भाषेच्या पानाला वेगळा पत्ता द्या आणि 'एचरेफलँग' खुणा (हेच पान दुसऱ्या भाषेत कुठे आहे ते शोधयंत्राला सांगणाऱ्या) दोन्ही बाजूंनी लावा. मराठी पान इंग्रजीकडे बोट दाखवतंय, पण इंग्रजी पान मराठीकडे नाही, तर गूगल ती खूण धरत नाही. 'यूके' हा भाषेचा कोड युक्रेनियनचा आहे, ब्रिटनचा नव्हे. ब्रिटिश इंग्रजीला 'ईएन-जीबी'. न वाचता ढिगाने भाषांतरित पानं टाकू नका, मार्च २०२४ पासून गूगलच्या धोरणात वाचकाला उपयोग नसलेली अशी घाऊक पानं स्पॅम धरली जातात.
आणखी एक, मूळ पान बदललं की भाषांतर शिळं होतं. आम्ही प्रत्येक पानावर 'मूळ मजकूर अमुक तारखेचा' असं लिहितो.

शोधयात्री
प्रतिसाद काढून टाकला आहे (दोनदा पडला)

निशिगंध
शोधयात्री, तारखेची कल्पना उचलते, औषधांच्या पानांना फारच गरजेची आहे. वाटसरू, उर्दूची पानं अडून आहेत, वाचणारं कुणी नाही. बघाल का?

वाटसरू
बघतो की. व्यक्तिगत निरोप करा, आधी लक्षणांची पानं पाठवा.

अबोली२
कन्नड असेल तर मला सांगा, मुलं शाळेतून यायच्या आत दोन पानं होतात.