चंद्र हे पोकळ यान आहे, या समजाला मुद्देसूद उत्तर कसे द्यावे?

प्रश्नकर्ता, रामबाग, इंदूर

माझा भाचा दहावीत आहे. चंद्र नैसर्गिक उपग्रह नसून परग्रहवासीयांनी पृथ्वीजवळ आणून ठेवलेले पोकळ यान आहे, असे त्याने एका चित्रफितीत पाहिले आणि ते त्याच्या मनात पक्के बसले आहे. १९७० साली ‘स्पुतनिक’ या सोव्हिएत मासिकात वासिन आणि श्चेर्बाकोव्ह या दोघांनी ही कल्पना मांडली होती, हेही त्याने शोधून काढले आहे. त्याचा मुख्य मुद्दा असा, की अपोलो १२ च्या वेळी यानाचा एक भाग चंद्रावर आदळला, तेव्हा चंद्र तासभर घंटेसारखा निनादत राहिला आणि भरीव वस्तू अशी निनादत नाही. शिवाय खग्रास ग्रहणात चंद्रबिंब सूर्यबिंबावर इतके नेमके बसते, की तो योगायोग असूच शकत नाही, असे तो म्हणतो. हे थोतांड आहे एवढेच सांगून त्याला गप्प बसवण्याची माझी इच्छा नाही. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त अध्यापिका, भौतिकशास्त्र

घटना खरी आहे, हे आधी त्याला मोकळेपणाने सांगा. २० नोव्हेंबर १९६९ रोजी चांद्रयानाचा काम संपलेला भाग मुद्दाम चंद्रावर पाडण्यात आला आणि अंतराळवीरांनी ठेवलेल्या कंपनमापकावर जवळजवळ तासभर कंपने नोंदली गेली. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ च्या रॉकेटचा टप्पा आदळला, तेव्हा ती तीन तासांहून अधिक टिकली. मात्र घंटेचा नाद टोला पडताक्षणीच सर्वांत मोठा असतो आणि मग उतरत जातो. चंद्रावरील नोंदीत कंपने सावकाश वाढत गेली, काही मिनिटांनी कमाल पातळीला पोचली आणि मग फार हळू विरली. अब्जावधी वर्षांच्या उल्कापातांनी चंद्राचे कवच भेगाळलेले आहे, त्यामुळे लहरी असंख्य दिशांना विखुरतात आणि वेगवेगळ्या वाटांनी, वेगवेगळ्या वेळी मापकापर्यंत पोचतात. पृथ्वीवर खडकांतील पाणी त्यांची ऊर्जा लवकर शोषून घेते. चंद्राचे खडक कोरडे ठणठणीत असल्याने तेथे ती टिकून राहते.

याहून महत्त्वाची गोष्ट या चित्रफितींत सहसा सांगितली जात नाही. अपोलो १२, १४, १५ आणि १६ या मोहिमांनी ठेवलेले कंपनमापक १९७७ पर्यंत चालू होते आणि त्यांनी सुमारे ७०० ते १,२०० किलोमीटर खोलीवर होणारे चांद्रकंप नोंदवले. चंद्राची त्रिज्या १,७३७ किलोमीटर आहे. आत पोकळी असती, तर इतक्या खोलवर कंप होण्यासाठी खडक कोठून आला असता? याच जुन्या नोंदींचे २०११ साली नव्याने विश्लेषण झाले, तेव्हा केंद्रात घन गाभा आणि त्याभोवती द्रवरूप थर असल्याच्या खुणा मिळाल्या.

अभियंता, वडोदरा (मूळचा इंदूरचा)

बाईंच्या उत्तराला एक जोड देतो, कारण हा मुद्दा मुलाला घरीच तपासता येतो. एकाच उतारावरून भरीव आणि पोकळ चेंडू एकदम सोडले, तर पोकळ चेंडू मागे पडतो, कारण त्याचे वस्तुमान कडेला असते आणि त्याला फिरवणे अवघड जाते. हा गुणधर्म, म्हणजे जडत्व आघूर्ण, एका आकड्यात मांडता येतो: एकसारख्या भरीव गोलासाठी ०.४, पातळ पोकळ गोलासाठी ०.६६७. चंद्राचा आकडा ०.३९३ आहे, म्हणजे केंद्राकडे घनता किंचित वाढते. पृथ्वीच्या ५.५१ च्या तुलनेत चंद्राची सरासरी घनता ३.३४ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर आहे, याचे कारणही पोकळी नसून लोखंडी गाभ्याचा लहान आकार आहे.

आकाशनिरीक्षक, इंदूर

ग्रहणाबद्दल मी लिहितो. २२ जुलै २००९ च्या सकाळी खग्रास ग्रहणाचा पट्टा आपल्या इंदूरवरून गेला होता. पावसाळी ढगांनी बिंब झाकले असले, तरी उगवलेला दिवस पुन्हा काळवंडला, हे येथील अनेकांना आठवत असेल. भाच्याला पुढचा प्रश्न विचारा: बिंब नेमके बसवलेले असेल, तर २६ डिसेंबर २०१९ रोजी दक्षिण भारतात आणि २१ जून २०२० रोजी उत्तर भारतात ग्रहण कंकणाकृती का झाले? चंद्राचे अंतर सुमारे ३ लाख ५६ हजार ते ४ लाख ७ हजार किलोमीटर यांदरम्यान बदलते, त्यामुळे तो कधी सूर्याला पुरता झाकतो आणि कधी कमी पडतो. शिवाय लेझरच्या मोजमापांनुसार तो दर वर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर जात आहे. म्हणजे फार प्राचीन काळी तो आजच्यापेक्षा मोठा दिसत होता आणि कोट्यवधी वर्षांनी खग्रास ग्रहण होणारच नाही. आजचा मेळ योगायोगच आहे, आणि तो आपल्या वाट्याला आला, याचा मला फार आनंद वाटतो.

प्रश्नकर्ता, रामबाग, इंदूर

आपणा सर्वांचा आभारी आहे. चेंडूंचा प्रयोग आम्ही करून पाहिला. भाच्याने तो पुन्हा पुन्हा करवला. आता त्याचा एकच प्रश्न उरला आहे: मोठी विवरे रुंदीच्या मानाने उथळ का? खाली धातूचे कवच असल्यामुळे, असे त्या मासिकातील लेखाचे म्हणणे होते.

निवृत्त अध्यापिका, भौतिकशास्त्र

मोठ्या आघातानंतर खोल खड्डा तसाच राहत नाही. त्याच्या कडा आत ढासळतात आणि तळ उसळून वर येतो. टायको विवर सुमारे ८५ किलोमीटर रुंद आहे आणि त्याच्या मधोमध असा वर आलेला डोंगर आहे. धातूच्या पत्र्यावर खडकाचा डोंगर उभा राहिला नसता. चांद्रयान ३ च्या प्रज्ञान बग्गीने २०२३ मध्ये दक्षिण ध्रुवाकडील मातीची घटकद्रव्ये तपासली. चंद्र एके काळी वितळलेल्या खडकाचा समुद्र होता आणि हलकी खनिजे वर तरंगून त्याचे कवच बनले, या मताला त्या निष्कर्षांनी बळ दिले आहे. भाच्याने आता ते वाचावे, असे मी सुचवीन.