शब्दचर्चा: ‘नेमस्पेस’ला मराठीत काय म्हणायचं, आणि त्यात नक्की काय काय येतं?

टंकनिका:
चारपाच प्रोजेक्टांत वापरता येईल असा कॉमन कोड वेगळा काढायचं काम चालूय, तारखा, लॉगिंग, एरर हँडलिंग असलं सगळं, आणि त्याची नावं कशी ठेवायची याचे नियम मी नवीन लोकांसाठी मराठीत लिहितेय. गाडी ‘नेमस्पेस’वर (नावांची टक्कर होऊ नये म्हणून कोडमध्ये केलेला नावांचा गट) अडलीये. नामावकाश, नामस्थान, नामक्षेत्र, नामविश्व असं बरंच सापडलं पण वाक्यात घालून वाचलं की कुणी असं बोलेल असं वाटतच नाही. तुम्ही काय वापरता? आणि तो नेमस्पेस की ती नेमस्पेस? आमच्याकडे दोन्ही चालतं.

अर्धविराम:
ती. ‘जरा स्पेस सोड’, ‘इथे एक स्पेस जास्त पडलीये’ असंच म्हणतो ना आपण, म्हणून ती नेमस्पेस. पॅकेज आणि मॉड्यूल ते, लायब्ररी ती.
नामविश्व मराठी विकिपीडियावर रुळलेला शब्द आहे. तिथे ‘वर्ग:’, ‘साचा:’, ‘सदस्य:’ अशी सुरुवात असलेली पानं असतात, ते प्रत्येक एक नामविश्व. एकाच नावाचा लेख, साचा आणि वर्ग तिन्ही सुखाने नांदतात कारण कोलनच्या आधीचा भाग वेगळा. कोडमध्येही अर्थ हाच, त्यामुळे शब्द चुकीचा नाहीये. फक्त तीन फंक्शनं असलेल्या फाइलला विश्व म्हणायचं म्हणजे जरा जास्तच होतं.

खटपट्या:
नामावकाश नको बाबा. अवकाश म्हटलं की एकतर यान उडतं नाहीतर सवड मिळते.
आणि खरा घोळ ‘स्पेस’नेच होतो, लोकांना वाटतं ही कोड ठेवायची जागा आहे, फोल्डरसारखी. तर तसं नाही, ती एक हद्द आहे, जिच्या आत एका नावाचा एकच अर्थ लागतो. आडनावासारखं समजा, घरात नुसतं नाव पुरतं, चार घरची माणसं जमली की आडनाव लावावं लागतं. सी भाषेत फंक्शनांसाठी ही सोयच नाही म्हणून तिथे नावालाच उपसर्ग चिकटवतात, एसक्यूलाइट या डेटाबेस लायब्ररीच्या फंक्शनांची नावं बघा, सगळ्यांच्या पुढे ‘एसक्यूलाइट३ अंडरस्कोर’. सी प्लस प्लसच्या १९९८ च्या स्टँडर्डमध्ये नेमस्पेस आली, तरी लोक ती हद्द स्वतःच्या हाताने पाडतात. हेडर फाइलमध्ये, म्हणजे जी बाकीच्या फाइली इन्क्लूड करून आत ओढून घेतात तिच्यात, ‘युझिंग नेमस्पेस एसटीडी’ लिहून ठेवायचं (एसटीडी ही भाषेच्या स्वतःच्या लायब्ररीची नेमस्पेस), मग ती हेडर जो कोणी इन्क्लूड करेल त्याच्याकडे एसटीडीमधली सगळी नावं मोकाट. त्या बिचाऱ्याकडे ‘काउंट’ नावाचा साधा ग्लोबल इंट असला आणि अल्गोरिदम हेडर, जिच्यात एसटीडीचाही एक ‘काउंट’ आहे, कुठूनतरी आत आलेली असली की कंपायलर म्हणणार ‘काउंट’ अँबिग्युअस आहे, दोघांतला कुठला ते कळेना, आणि हा स्वतःची फाइल उलटीपालटी करत बसणार जिच्यात काहीच चुकलेलं नाही. कॉमन लायब्ररीच्या हेडरमध्ये ती ओळ दिसली तर मी कोड पासच करत नाही.

उंबरठा:
मला वाटतं शब्द कुठला यापेक्षा तो कशाकशाला लावतोय ते आधी ठरवा, कारण एका ‘नेमस्पेस’मध्ये लोक दोन गोष्टी कोंबतात. एक, कोडच्या आत इम्पोर्ट करताना जे नाव येतं ते. दोन, पॅकेज रजिस्ट्रीवर, म्हणजे तयार पॅकेजं जिथून उतरवून घेतात तिथे, ज्या नावाने टाकलंय ते. पायथॉनवाल्यांना रोजचा अनुभव आहे, पिप या इन्स्टॉलरने इन्स्टॉल करायचं ‘पिलो’ हे चित्रांचं पॅकेज आणि इम्पोर्ट करायचं ‘पीआयएल’, इन्स्टॉल ‘सायकिट-लर्न’ आणि इम्पोर्ट ‘एसकेलर्न’. पहिल्या नावावर टक्कर झाली तर प्रोग्रॅम बोंबलतो, स्वतःच्या फोल्डरमध्ये रँडम डॉट पीवाय नावाची फाइल ठेवून बघा, पायथॉनचं मूळ रँडम बाजूला राहतं आणि तुमचीच फाइल उचलली जाते. दुसऱ्यावर टक्कर झाली तर प्रकरण याहून गंभीर. २०२० मध्ये एका सिक्युरिटी संशोधकाने मोठमोठ्या कंपन्यांच्या आतल्या खाजगी पॅकेजांची नावं शोधून त्याच नावांची पॅकेजं पब्लिक रजिस्ट्रीवर टाकली, व्हर्जन नंबर मुद्दाम मोठा दिला, आणि मोठा नंबर बघून त्या कंपन्यांच्या सिस्टिम्सनी घरचं सोडून बाहेरचं उचललं. याला डिपेंडन्सी कन्फ्युजन म्हणतात. एनपीएमवर, म्हणजे जावास्क्रिप्टच्या रजिस्ट्रीवर, ॲट लावून संस्थेचा स्कोप येतो तो अशा वेळी कामाला येतो, कारण तुमच्या स्कोपखाली दुसरा कोणी काही टाकू शकत नाही, पण आधी तो स्कोप पब्लिक रजिस्ट्रीवर स्वतःच्या नावावर करून ठेवायला हवा. रस्ट भाषेच्या क्रेट्सची, म्हणजे पॅकेजांची, नावं मात्र सरसकट एकाच यादीत, पहिला आला त्याचं नाव.

टंकनिका:
हे दोन वेगळे आहेत हे डोक्यातच नव्हतं आलं, म्हणजे नियमही दोन लिहावे लागणार. मग नावात काय घालायचं? सध्या ज्या प्रोजेक्टमधून कोड काढलाय त्याचंच नाव पुढे लावलंय, उदाहरणार्थ ‘बिलिंग डॉट युटिल्स’.

खटपट्या:
दोन्ही शब्द वाईट. बिलिंग उद्या बंद पडेल, लॉगिंगचा कोड बाकीचे प्रोजेक्ट वापरतच राहतील आणि नवीन माणूस विचारेल याचा बिलिंगशी काय संबंध. आणि युटिल्स म्हणजे अडगळीची खोली, ज्याला जागा नाही ते तिथे जाणार. तारखांचं असेल तर तारखा म्हणा.

अर्धविराम:
जावामध्ये म्हणून तर डोमेन उलटं लिहितात, कॉम डॉट अमुक डॉट तमुक, मालक आधी आणि विषय नंतर. पण मालकसुद्धा बदलतो. जावाची एंटरप्राइझ आवृत्ती ओरॅकलकडून एक्लिप्स फाउंडेशनकडे गेली, पण ‘जावाएक्स’ हे नाव ओरॅकलचं, ते घेऊन पुढे बदल करायची मुभा मिळाली नाही. म्हणून २०२० मध्ये जकार्ता ईई ९ मध्ये सगळी पॅकेजं ‘जावाएक्स’वरून ‘जकार्ता’वर नेली. कोडचं काम तेच, फक्त नाव बदललं, आणि जगभर लोक इम्पोर्टच्या ओळी बदलत बसले, शिवाय तुम्ही वापरत असलेली एक लायब्ररी जुन्या नावावर आणि दुसरी नव्या नावावर असेल तर दोघी एकमेकींना ओळख देत नाहीत. नाव ठेवणाऱ्याला एक मिनिट लागतं, बदलायची हमाली मात्र वापरणाऱ्यांच्या डोक्यावर.

उंबरठा:
उलट उदाहरण पिलोचंच. मूळ पीआयएल पुढे सरकेना म्हणून त्याच कोडवरून वेगळा फोर्क, म्हणजे स्वतंत्र फाटा, निघाला, नाव नवीन घेतलं पण इम्पोर्ट मुद्दाम जुनंच ठेवलं, नाहीतर सगळ्यांचा कोड मोडला असता. जावाच्या अपाची कॉमन्स लायब्ररीवाल्यांनी तिसरंच केलं, ‘लँग’मध्ये मोडतोड करणारे बदल आले तेव्हा नवीन पॅकेजचं नावच ‘लँग३’ ठेवलं, त्यामुळे जुनं नवीन एकाच प्रोजेक्टमध्ये शेजारी शेजारी चालतं. गो भाषेत तर हा नियमच आहे, मेजर व्हर्जन, म्हणजे व्हर्जनचा पहिला आकडा, दोन झालं की मॉड्यूलच्या पाथच्या शेवटी ‘व्ही२’ लावायचं. बघायला ओंगळ दिसतं पण मला पटतं.

टंकनिका:
ओके. तर ‘नेमस्पेस’ हा शब्द तसाच ठेवतेय, पहिल्यांदा येईल तिथे ‘नावांची हद्द’ असं एकदा समजावून. रजिस्ट्रीवरच्या नावाला ‘पॅकेजचं नाव’ म्हणेन, त्याला नेमस्पेस म्हणायचंच नाही. बिलिंग उडवलं. फक्त जुनं नाव तीन प्रोजेक्टांत इम्पोर्ट केलेलं आहे त्याचं काय करू?

खटपट्या:
लगेच काढू नका. जुन्या नावाखाली एक छोटी फाइल ठेवा जी नव्याकडे पाठवते, आणि कोणी वापरलं की ‘हे नाव पुढे जाणार आहे’ अशी डेप्रिकेशन वॉर्निंग दिसू द्या. काढायची ते पुढच्या मेजर व्हर्जनला, आणि ते व्हर्जन नियमांत आत्ताच लिहून ठेवा, नाहीतर ती फाइल कुणीच काढत नाही.

अर्धविराम:
डॉक्युमेंटमध्ये कुबरनेटीस (अनेक सर्व्हरवर ॲप्स चालवणारी प्रणाली) येणार असेल तर तिथे एक ओळ टाका. तिथल्या नेमस्पेसचाही अर्थ साधारण हाच, एका नेमस्पेसमध्ये एका नावाची एकच सर्व्हिस. लिनक्स कर्नलची नेमस्पेस मात्र वेगळी, तिथे एखाद्या प्रोसेसला सिस्टिमचा कुठला भाग दिसावा हे ठरतं. ‘नावांची हद्द’ तिकडे लावू नका.