मदत हवी आहे : डीबीजीसिम पॅकेजेस वेगळी कशी ठेवायची?

नमस्कार मंडळी,

आमचं डेबियन लिनक्सचं छोटं रिपॉझिटरी (पॅकेजेसचा साठा) रेप्रेप्रो या ते सांभाळणाऱ्या टूलवर चालतं. डेबहेल्पर हे पॅकेज बांधायचं टूल प्रत्येक बिल्डला आपणहून '-डीबीजीसिम' पॅकेज बनवतो, म्हणजे डीबगिंग सिम्बॉल्सचं (क्रॅश कोडमध्ये कुठे झाला ते शोधायला लागणारी माहिती) वेगळं पॅकेज. तेही मूळ पॅकेजसोबत त्याच सूटमध्ये (रिपॉझिटरीतल्या विभागात) जाऊन बसतं आणि डिस्क भरत चालली आहे. त्यात आमच्याकडे चेंजेस फाइलच्या (अपलोडमध्ये काय काय आहे त्या यादीच्या) 'बायनरी' ओळीत त्याचं नाव नसतं, म्हणून रेप्रेप्रो कुरकुर करतो. सध्या 'सरप्रायझिंगबायनरी' या त्याच्या तक्रारीकडे दुर्लक्ष कर असं सांगून गाडी ढकलतोय. जुगाडच!

खरी डोकेदुखी पुढेच आहे. नवी आवृत्ती टाकली की जुनी डीबीजीसिम उडते. परवा जुन्या आवृत्तीची कोअर फाइल (क्रॅशच्या वेळच्या मेमरीची नोंद) आली, जीडीबी हा डीबगर उघडला, तर 'डीबगिंग सिम्बॉल्स सापडले नाहीत'. पुन्हा बिल्ड केलं, तर बिल्ड-आयडी (त्या बिल्डची ओळखखूण) जुळेना. सगळा दिवस पाण्यात.

डेबियनमध्ये ही पॅकेजेस 'डेबियन-डीबग' या वेगळ्या आर्काइव्हमध्ये जातात. तसं अपलोडच्या वेळीच आपोआप वेगळं काढता येतं का? पॅकेजच्या कंट्रोल (माहिती) फाइलमधल्या 'ऑटो-बिल्ट-पॅकेज' फील्डवरून गाळायचं, की नावाच्या शेपटीवरून? आणि जुन्या तीन-चार आवृत्त्यांचे सिम्बॉल्स कसे टिकवता?

डीबीजीसिम बनवणंच बंद करणारा 'नोऑटोडीबीजीसिम' पर्याय लावा असं कृपया सांगू नका, सिम्बॉल्स हवेच आहेत. कुणाची चालू कॉन्फिग असेल तर टाका.